मागून धरलेला माणूस

त्या तुरुंगाची एक शिस्त होती: तपासणी आली की सगळं ठीक दिसलं पाहिजे. ठीक असण्याबद्दल कोणाचा फारसा आग्रह नव्हता. वरचे साहेब येणार असं कळलं की भिंतींना चुना लागे, गळका नळ पोत्याखाली झाकला जाई, स्वयंपाकघरातल्या माश्या हाकलून कार्यालयात पाठवल्या जात आणि कैद्यांच्या दाढ्या गुळगुळीत होत. साहेब खिशातल्या रुमालावर हात ठेवून आत येत आणि रुमाल न काढताच परत जात. याला जेलरसाहेब चांगली तपासणी म्हणत.

त्यामुळे मास्तरांना तपासायला वैद्यकीय मंडळ येणार हे कळल्यावर साऱ्या तुरुंगाने जिवाचं रान केलं आणि मास्तरांना ठीक करून टाकलं.

मास्तर म्हणजे शिंपी. बाहेर असताना त्यांचं भागीदारीत दुकान होतं. एका दुपारी भांडणात त्यांनी भागीदाराच्या डोक्यात इस्त्री घातली. भागीदार जागच्या जागी गेला. मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन ते स्वतःच चौकीत हजर झाले. आपण केलं नाही, असं ते कोर्टातही म्हणाले नाहीत आणि नंतरही नाही. जन्मठेप झाली. तुरुंगाच्या शिवणखात्यात त्यांनी इतकी वर्षं काढली की मापात बसणारा गणवेश घालणारे कैदी फक्त त्याच तुरुंगात दिसत. आता वय ऐंशीकडे झुकलं होतं, हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. बरॅकपासून नळापर्यंत जाताना ते मध्येच थांबत, आणि थांबायला काहीतरी कारण हवं म्हणून आभाळाकडे बघत.

कायद्यात अशा माणसांसाठी सोय होती. फार आजारी किंवा फार म्हाताऱ्या कैद्याला पॅरोलवर घरी पाठवता येतं. फक्त तो तसा आहे हे मंडळाला पटावं लागतं. मास्तरांच्या मुलीने अर्ज केला, मंडळाने तारीख दिली.

त्या दिवशी न्हाव्याने मास्तरांची दाढी दोनदा केली. केसांना तेल लावलं. कपडे कडक. पाय स्वतःच्या बुटात जाईनात, म्हणून बरॅकमधल्या पैलवानाचे बूट चढवले. पैलवान हे नाव त्याला आखाड्यामुळे नाही, देहामुळे पडलं होतं. कुस्ती तो आयुष्यात एकदाच खेळला होता आणि तीही एका सरकारी कर्मचाऱ्याशी. चाकाची खुर्ची होती, पण तिचं एक चाक किरकिरायचं. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून जेलरसाहेबांनी ती कोठीत टाकली.

मास्तर मंडळासमोर चालत गेले आणि छाती काढून उभे राहिले. त्यांच्या मागे पैलवान होता. त्याचा पंजा मास्तरांच्या पाठीवर, कंबरेच्या जरा वर, नेहमीच्या जागी होता.

ही जागा ठरलेली होती. सकाळ-संध्याकाळ मोजणीला सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं असे, आणि ज्याला उभं राहवत नाही त्याची रवानगी तुरुंगाच्या दवाखान्यात होई. दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. तिथून माणूस दुसऱ्या कुठल्या खोलीत गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून मास्तरांचे पाय लटपटू लागल्यापासून पैलवान मोजणीला त्यांच्या मागे उभा राहू लागला. समोरून बघणाऱ्याला मास्तर फूटपट्टीसारखे सरळ दिसत. पुढे पुढे ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली की आपण कोणाला फसवतोय असं कोणाच्या मनातही येईना.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. त्यांच्या शेजारी त्वचेचे डॉक्टर होते, कारण त्या दिवशी तेच मोकळे होते. मास्तरांची त्वचा खरोखरच चांगली होती.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "वयाच्या मानाने तब्येत झकास आहे."

"आमच्याकडे आहारच तसा असतो साहेब," जेलरसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा फुलला होता.

बरॅकमध्ये ही बातमी आली तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर वकिलाने खुलासा केला. वकील खरा वकील नव्हता. तोच त्याचा गुन्हा होता. कायदा त्याच्या स्वतःच्या कामी आला नव्हता एवढंच, समजत मात्र चांगला होता.

"गाढवांनो, तब्येत चांगली म्हणजे अर्ज नामंजूर!"

पैलवान आपल्या पंजाकडे बघत बसला.

*

मुलाखतीच्या खोलीत जाळी असते. जाळीच्या अलीकडे मास्तर, पलीकडे त्यांची मुलगी. ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी, त्यामुळे कुठलीही गोष्ट नीट बसली नाही की तिला लगेच दिसे.

"अप्पा, तुम्ही तिथे केलंत तरी काय?"

"काही नाही. उभा राहिलो."

"का?"

"साहेब आले होते ना."

"अहो, तुम्ही आजारी आहात हे बघायला आले होते ते!"

"म्हणून काय साहेबांसमोर बसून राहायचं? बरं दिसतं का?"

"आणि तेल लावून भांग पाडला होतात म्हणे."

"तो न्हाव्याने पाडला. मी नको म्हणत होतो. त्याने डावीकडे पाडला. माझा उजवीकडे असतो."

मुलीने कपाळ जाळीला टेकवलं. मग म्हणाली, "ह्यांनी टीव्ही हलवलाय, अप्पा. तुमची खाट खिडकीशी लागावी म्हणून. आता तो स्वयंपाकघराच्या दारात आहे. हे तिरके बसून बातम्या बघतात. मान धरलीय त्यांची."

"मग जागेवर ठेवा म्हणावं."

"नाही ठेवणार."

"हट्टी आहेस."

"कोणावर गेलेय?"

मास्तर हसले. हसल्यावर त्यांना खोकला आला आणि खोकल्यानंतर बराच वेळ श्वास सापडेना. जाळीच्या पलीकडून मुलगी नुसती बघत राहिली. तिला एकच गोष्ट हवी होती: हा माणूस लांबट खोलीत नको, तिच्या खिडकीशी असलेल्या खाटेवर जायला हवा. त्यासाठी वेळ किती उरलाय, हे तिला त्या खोकल्यातून काचेच्या नंबराइतकं स्पष्ट कळलं.

तिथून ती थेट जेलरसाहेबांच्या खोलीत गेली.

"ताई, तुमच्या वडिलांची आम्ही घेतली तेवढी काळजी कोणी घेतली नसती," जेलरसाहेब म्हणाले. "मी स्वतः बूट बघितले."

"साहेब, आजारी माणूस आजारी दिसायला हवा होता."

"माझ्या तुरुंगात कोणी आजारी दिसत नाही."

"तेच म्हणतेय मी."

"काय तेच?"

"तुमच्या काळात आजारपणावर किती जण सुटले, साहेब?"

"एकही नाही!" जेलरसाहेब अभिमानाने म्हणाले. त्यांनी ते वाक्य अनेक बैठकांमध्ये उच्चारलं होतं आणि दर वेळी माना डोलल्या होत्या. या वेळी समोरची मान हलली नाही. वाक्य टेबलावरच पडून राहिलं. जेलरसाहेबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि चहाचा कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

"पुन्हा अर्ज करा," ते म्हणाले. "बघू."

मुलीने पुन्हा अर्ज केला आणि त्यात एकच जादा मागणी केली: या वेळी हृदयाचे डॉक्टर पाठवावेत.

मग चौकशा सुरू झाल्या. एक हवालदार घर बघून गेला. कैदी पळू नये म्हणून खिडकीला गज आहेत का, असं त्याने विचारलं. "गज आहेत, पण चोरांसाठी," जावई म्हणाला. हवालदाराने दोन्ही बाजूंनी गज हलवून बघितले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्याने विचारलं, की खाली खुनातला माणूस राहायला आला तर भीती वाटेल का. काकू म्हणाल्या, "तो तरी गप्प असतो का? खालच्या दोघांचा आवाज मला पहाटेपासून ऐकू येतो."

भागीदाराच्या मुलालाही विचारलं गेलं, नियमच होता. तोही आता पन्नाशीला आला होता. फोनवर तो एवढंच म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही. मला पुन्हा फोन करू नका." मास्तरांना हे कळवलं तेव्हा त्यांनी दिवसभर मशीनला हात लावला नाही.

*

इकडे बरॅकमध्ये वकिलाने आजारपणाचे वर्ग सुरू केले.

"मास्तर, सोपं आहे. मंडळ आत आलं की तुम्ही खुर्चीत बसलेले. बसूनच राहायचं. संपलं."

"मी नाटक करणार नाही."

"नाटक कोण करायला सांगतंय? वर्षभर ठणठणीत असल्याचं नाटक करताय, ते फक्त बंद करा!"

"मला खोटं वागायला जमलं असतं तर मी इथे आलोच नसतो."

"अहो, खरं वागा म्हणतोय. तेही जमेना म्हणजे कमाल झाली."

पैलवान मंडळ झाला. तो दारातून आत आला, पोट पुढे काढून. मास्तर बसून राहिले. सगळे खूश. वकील म्हणाला, आता किल्ल्यांसकट करू. न्हाव्याने चमचे एकत्र बांधून वाजवले. मास्तर ताडकन उठले आणि पैलवानाच्या अंगावर कोसळले.

पुन्हा केलं. पुन्हा उठले. मास्तरांचा बिचाऱ्यांचा दोष नव्हता. किल्ल्या वाजल्या की उठायचं हे आता त्यांच्या डोक्याला विचारून होत नव्हतं, गुडघे परस्पर ठरवत होते. वकिलाने चादरीने खुर्चीला बांधायचं सुचवलं. शिपाई म्हणाला, कैद्याला बांधायचं तर वरून लेखी हुकूम लागतो. न्हावी म्हणाला, कानात कापूस घालू. कापूस घातला. तरी मास्तर उठले, कारण बाकीच्या सगळ्यांना उठताना त्यांनी पाहिलं.

"उद्या सरणावर ठेवलं आणि साहेब आले तर हे उठून उभे राहतील," वकील वैतागून म्हणाला.

"मग तर सुटका झालीच की," मास्तर म्हणाले. सगळ्यात मोठ्याने तेच हसले आणि मग श्वास घ्यायला पैलवानाचा खांदा धरला.

*

मंडळाचा दिवस उजाडला. जेलरसाहेबांना आदल्या दिवसापासून कसंतरी होत होतं. भिंतींना चुना लावू नका, असं सांगायला त्यांची जीभ रेटेना, म्हणून त्यांनी अर्धीच भिंत रंगवून घेतली. मास्तरांची दाढी मात्र वाढू दिली. न्हाव्याने हात मागे बांधून ती बघितली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाकाची खुर्ची कोठीतून निघाली. तिच्या चाकाला तेल घालू का, असं शिपायाने विचारल्यावर जेलरसाहेब ओरडले, "काही घालू नकोस! आहे तसं राहू दे!" त्या तुरुंगात असा हुकूम यापूर्वी कोणी ऐकला नव्हता. शिपायाने तो दोनदा विचारून घेतला.

किरकिरत खुर्ची तपासणीच्या खोलीत आली. मास्तर त्यात बसलेले, अंगावर चुरगळलेला सदरा, आणि सदऱ्याची ती अवस्था बघून त्यांचाच जीव अर्धा झालेला. मागे पैलवान.

किल्ल्या वाजल्या. दार उघडलं. अध्यक्ष आत आले, मागून हृदयाच्या डॉक्टर, एक पोक्त बाई.

मास्तर उठले.

खुर्चीच्या हातांवर भार देऊन, दात आवळून, पण उठले. आणि ते डगमगताहेत हे दिसताच पैलवानाचा पंजा आपोआप आपल्या जागेवर गेला. मास्तर सरळ झाले. समोरून बघणाऱ्याला फूटपट्टी.

"अरे वा!" अध्यक्ष म्हणाले. "हे तेच ना? मागच्या वेळीही उभे होते. मला तर सुधारणा वाटते." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "काय जेलरसाहेब?"

जेलरसाहेबांच्या तोंडात 'होय साहेब' तयार होतं. नोकरीला लागल्यापासून ते तिथेच राहायला होतं. दार उघडायचा अवकाश, की बाहेर. त्यांनी तोंड उघडलं. त्यांना मास्तरांच्या कंबरेमागून डोकावणारा जाड अंगठा दिसला. तो अंगठा त्यांना नवा नव्हता. मोजणीला तो त्यांनी वर्षभर पाहिला होता, म्हणजे त्यावरून नजर फिरवली होती, गळक्या नळावरच्या पोत्यावरून फिरवायचे तशी.

"साहेब," ते म्हणाले, "त्यांना मागून धरलंय."

अध्यक्षांनी टोपण परत लावलं. "म्हणजे?"

"म्हणजे ते उभे नाहीत साहेब. त्यांना उभं केलंय. मागच्या वेळीही केलं होतं." जेलरसाहेब पैलवानाकडे वळले. "आम्ही सगळ्यांनीच. पैलवान, सोड."

पैलवान हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हुकूम ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे तुरुंगाच्या आत पहिल्यांदा.

"पडतील साहेब."

"सोड म्हणतो ना!"

"साहेब, मला आणखी शिक्षा द्या. पण हे पडतील."

"कोणी कोणाला पाडायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या केव्हाच टेबलाला वळसा घालून पुढे आल्या होत्या. "बसा आजोबा."

मास्तरांनी जेलरसाहेबांकडे बघितलं. ओठ निळसर पडले होते, पण परवानगीशिवाय बसायचं कसं?

"बसा मास्तर," जेलरसाहेब म्हणाले. "बसा हो. माझा हुकूम आहे."

मास्तर बसले, म्हणजे पैलवानाने त्यांना टोपलीत अंडी ठेवावीत तसं ठेवलं. डॉक्टरांनी जमिनीवर उकिडवं बसून त्यांचा बूट काढला. घोट्याजवळ अंगठा दाबून उचलला, तर खळगा तसाच राहिला. अध्यक्ष वाकून तो खळगा भरायची वाट बघत होते. तो भरेना. मग डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली आणि विचारलं, "रात्री आडवं पडून झोप लागते?"

"लागते," मास्तर म्हणाले.

"नाही लागत मॅडम," पैलवान म्हणाला. "आडवे पडले की गुदमरतात."

"मग डोक्याखाली उशा किती घेता?"

"उशी एकच मिळते मॅडम. बाकी माझी पाठ असते."

"म्हणजे?"

"मी बसतो. ते टेकून झोपतात."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला आणि गुंडाळत राहिल्या. तो गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "घरी पाठवा. आजच शिफारस करा. काही महिने आहेत, नशीब असेल तर वर्ष."

"पण कायद्याने बघायला लागतं मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "बाहेर गेल्यावर पळून गेले तर?"

"पळाले तर मला लगेच कळवा. मला त्यावर प्रबंध लिहायचाय."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोजणीला जेलरसाहेब स्वतः आले. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मागच्या बाजूने चालले. तुरुंगाच्या इतिहासात मोजणी मागून कोणी पाहिली नव्हती. मग थांबून म्हणाले, "आणखी कोणाकोणाला धरून ठेवलंय रे? सोडू नका, पाडू नका. नुसतं सांगा."

रांगेत इकडे तिकडे म्हातारी माणसं हळूच खाली बसू लागली. बसताना हुश्श असा आवाज येत होता. वकिलाने त्याच दिवशी अर्ज लिहायला घेतले, आणि जेलरसाहेबांनी कागद पुरवला.

*

मास्तरांच्या सुटकेच्या हुकुमात अटी होत्या. शहराची हद्द ओलांडायची नाही, जमावात सामील व्हायचं नाही, धोकादायक हत्यार बाळगायचं नाही. "कात्री चालेल का?" मास्तरांनी विचारलं. जेलरसाहेब विचारात पडले. म्हणाले, "लहान."

फाटकापर्यंत पैलवानाला सोडायला येऊ दिलं. त्याला काय बोलावं सुचेना. "जपून," तो म्हणाला. मास्तरांनी त्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून पाहिली. "खांद्यात ओढतोय. मला आधी का नाही सांगितलंस? चल, वाक जरा." पैलवान वाकला आणि मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग दोघेही शिवणीबद्दलच काहीतरी बोलत राहिले, शिपाई घड्याळ बघेपर्यंत.

जावई गाडी घेऊन आला होता. मास्तर पुढे बसले, मुलगी मागे.

"गाडी हळू चालवा जावईबापू."

"अप्पा, गाडी उभी आहे. सिग्नल लागलाय."

"मग बाकीच्यांना सांगा हळू जायला."

मागच्या सीटवर मुलगी तोंडावर पदर धरून हसत होती. वाटेत मास्तर प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत गेले. घरी आल्यावर खाटेवर टेकून बसले तेव्हा त्यांच्या श्वासाचा आवाज हळूहळू कमी झाला. मुलगी चहा ठेवायला आत गेली. ओट्याजवळ उभी राहिली, आणि बाहेर काय चाललंय ते ऐकू येऊ लागलं.

"हा पडदा कोणी शिवला?"

"तयार घेतला, अप्पा. चांगल्या दुकानातून. खास तुमच्यासाठी."

"खालची दुमड बघितलीत? साप गेलाय की शिलाई?"

"पडद्याची दुमड कोण बघतं?"

"मी बघतो. दिवसभर मला तेच बघायचंय. काढा तो."

"काढला तर ऊन येईल!"

"येऊ दे. उन्हाची शिलाई तरी सरळ असते."

"अहो, पण सेलमध्ये परत घेत नाहीत!"

"सेलमधला? मग खास माझ्यासाठी कसला?"

जावयाचा आवाज चढला, मास्तरांचाही, आणि वर कोणीतरी फरशीवर काठी आपटली. चहा उतू जायला आला होता. मुलीने डोळे पुसले, गॅस बारीक केला, आणि भांडण इतक्यात मिटू नये म्हणून मुद्दाम बाहेर गेलीच नाही.